मेल्या जनावराचा साहेब

लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करता आपण?" तर माझी बायको माझ्या आधी घाईघाईनं सांगायची, "विमा कंपनीत आहेत." तिची भीती रास्तच होती. मी तोंड उघडलं असतं तर खरं सांगून बसलो असतो. मी मेलेली जनावरं बघायचो. गाय, म्हैस, बैल, शेळी. रोज बघायचो आणि त्याचा पगार घ्यायचो. पंगतीत शेजारच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा घास हातातच थांबतो, हा माझा अनुभव आहे.

काम काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. शेतकरी जनावराचा विमा उतरवतो तेव्हा त्याच्या कानात नंबराचा बिल्ला मारतात. जनावर मेलं की डॉक्टर येऊन दाखला देतो. पण मेलेलं जनावर तेच आहे का, बिल्ला त्याचाच आहे का, का दुसऱ्याच्या कानातला काढून ह्याला अडकवलाय, हे कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघावं लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोटारसायकल गावात शिरली की पारावरून आरोळी यायची, "आला रं, मेल्या जनावराचा साहेब आला!" सुरुवातीला डोकं फिरायचं. पुढं पुढं मीच फोनवर तशी ओळख द्यायला लागलो, कारण दुसऱ्या कुठल्याच नावानं लोकांच्या लक्षात येत नव्हतं.

मी बघितल्याशिवाय जनावर पुरायचं नाही, असा नियम होता. त्यामुळं अख्खं घर माझी वाट बघत बसलेलं असायचं. बायाबापड्या गोठ्याच्या तोंडाशी, गडीमाणसं झाडाखाली, आणि खड्डा खणून तयार. त्या घरात बहुतेक वेळा चूल पेटलेली नसायची. शेजारच्या घरातून चहा यायचा, तो मला आधी द्यायचे आणि मी नको म्हटलं तर रागवायचे.

आमचं घराणं मेंढरं राखणारं, तेरच्या बाजूचं. मेंढरू मेलं की माझे वडील त्याच्या कपाळावर हात ठेवून बसायचे. ते माझ्या अंगात कधी आलं कळलंच नाही. मी बिल्ला बघायचो, शिंगं, दात, रंग, शेपटीचा गोंडा कागदाशी ताडून बघायचो, फोटो काढायचो. मग कपाळावर हात ठेवून विचारायचो, "नाव काय होतं हिचं?" कागदावर नावाला रकाना नव्हता. तरी मी विचारायचोच. आणि शेवटी म्हणायचो, "बघितलं. आता द्या मातीला." आमच्याकडं माणूस गेल्यावरही मातीला जाणं असंच म्हणतात. जनावरासाठी मी निराळा शब्द कशाला शोधू? हे वाक्य ऐकलं की बाया पदर तोंडाला लावायच्या आणि गडी दोरखंडाला हात घालायचे.

सगळेच काही रडत बसलेले नसायचे म्हणा. तेरजवळच्या एका वस्तीवर एक गृहस्थ होते, नाव कशाला सांगू, अजून भेटतात बाजारात. आमच्या भागातल्या शेळ्या बहुतेक काळ्याभोर, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. ह्यांची विम्यातली शेळी मेली म्हणून मी गेलो. मेलेली शेळी होती, कानात बिल्ला होता, सगळं व्यवस्थित. निघणार तेवढ्यात घरामागून बें बें ऐकू आलं. जाऊन बघतो तर दुसरी काळी शेळी, आणि तिच्या कानाला फडकं बांधलेलं.

"हिच्या कानाला काय झालं?"

"बाभळीत आडकला साहेब."

"आणि ती मेलेली कोण?"

"ती हिची बहीण."

"मग हिचा बिल्ला तिच्या कानात कसा गेला?"

बाबानं शेळीच्या कानाचं फडकं नीट केलं. मग अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "बहिणीबहिणीत चालतंच की साहेब. तुमच्यात चालत न्हाय व्हय?"

मी पोट धरून हसलो. प्रकरण नामंजूर केलं, आणि त्याच्याच ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. वाढताना त्याच्या बायकोचा हात आखडला नाही. असं होतं ते काम. भांडणं व्हायची, शिव्या खाल्ल्या, एका गावात लोकांनी मोटारसायकलची हवा सोडली होती. पण दिवसभरात माणसं भेटायची.

आता सोजरबाईचं सांगतो. हा सगळा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलाय.

सोजरबाई सास्तूरची. वळवाच्या पावसात लिंबाखाली बांधलेल्या तिच्या बैलावर वीज पडली, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो. वाटेत गाडी पंक्चर झाली, पोचायला उशीर झाला. सगळं गाव कंटाळून घरी गेलेलं. ही बाई एकटी बैलाच्या डोक्याशी बसून पदरानं माशा हाकत होती. मी माझं काम केलं, कपाळावर हात ठेवला, नाव विचारलं, म्हणालो, "बघितलं मावशी. आता द्या मातीला."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "लई बरं केलं साहेब. बगितल्याबिगर मातीला देऊ नये कुणाला."

मग तिनं सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा आणि मोठी मुलगी दगडाखाली गेले. हिचा पाय मोडला होता, कडेवरच्या पोरासकट हिला सोलापूरला दवाखान्यात नेलं. परत आली तोवर सगळं उरकलं होतं. "त्येंला कुणी बगितलं का न्हाय बगितलं, मला काय ठावं न्हाय. लई माणसं व्हती वो. कोण कुणाला बगणार?" कुणाबद्दल तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. बोलता बोलता ती बैलाच्या शिंगावरची माती पुसत होती.

त्यानंतर त्या बाजूला गेलो की तिच्याकडं थांबायचोच. भूकंपानंतर बांधून दिलेल्या एकसारख्या घरांच्या ओळीत तिचं घर मला अंगणातल्या शेवग्यामुळं सापडायचं. मुलगा पुण्याला कंपनीत लागला. हिनं एक देवणी गाय घेतली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, नाव बांडी. बांडीच्या कानात बिल्ला मीच मारला. तेव्हा सोजरबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि गाईनं मला लाथ घातली होती. दोघींनाही ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं पुरली. मी दिसलो की सोजरबाई गाईला सांगायची, "आला बग तुजा वैरी."

मग मोबाईलवरचं काम आलं.

सोलापूरला एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्हाला बोलावलं. पुण्याहून आलेल्या मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या, पण बोलणं मनापासून. त्यांनी सांगितलं, माणसाच्या अंगठ्याचा जसा ठसा असतो तसा गाईम्हशीच्या, शेळीच्याही नाकाचा असतो, एकीचा दुसरीला येत नाही. विमा काढताना नाकाचा फोटो घ्यायचा. जनावर मेलं की मालकानंच मोबाईलवर फोटो काढून पाठवायचे. पुढचं कृत्रिम बुद्धिमत्ता बघेल. दोन्ही ठसे ताडून बघेल, जुळले की लगेच मालकाच्या मोबाईलवर निरोप. आधीच विमा काढलेल्या जनावरांच्या नाकांचेही फोटो मागवून घेतले जाणार होते. मॅडम म्हणाल्या, "सर, आता तुम्हाला उन्हातान्हात वणवण नाही. तुमचं काम सोपं होणार." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी कंबर तेव्हा अशी धरलेली असायची की सकाळी मोजे घालताना बायकोला हाक मारावी लागे.

आणि यंत्राला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाही, हे आधीच सांगतो. यंत्र चोख होतं. बहिणीबहिणींचे बिल्ले बंद झाले. लोकांना भर उन्हात मढं राखत बसावं लागेना. माझ्या उशिरामुळं जी सडायची ती जनावरं वेळेत जमिनीत जायला लागली. ह्यात वाईट काय आहे? काही नाही. मी पण स्वतःला हेच सांगायचो.

पण माझ्या वाट्याला काय उरलं ते बघा. यंत्राला ज्याची खात्री पटेल ते माझ्यापर्यंत येतच नसे. त्याला ज्याचं नाक ओळखू येत नाही तेवढंच माझ्याकडं यायचं. म्हणजे फुगलेलं, कुत्र्यांनी ओढलेलं, गोठ्याच्या आगीत जळालेलं, विहिरीतून चार दिवसांनी काढलेलं. सकाळी बसलो की संध्याकाळपर्यंत हेच. खाली दोन बटणं, एक हिरवं मंजुरीचं, एक लाल नामंजुरीचं. पूर्वी दोन मेलेल्या जनावरांच्या मधे रस्ता असायचा. करडई दिसायची, कुणाच्या लग्नाची वरात आडवी यायची, हॉटेलात भजी मिळायची. आता एका मढ्यानंतर लगेच दुसरं मढं, आणि दोन्हींच्या आजूबाजूला माणूस म्हणून नाही. फोटोत कुणाचा तरी हात दिसायचा फार तर, कासरा धरलेला. मालकाला फोन करायचा नाही असा नियम होता. फोन केला की माणूस विरघळतो आणि निर्णय चुकतो म्हणे.

ऑफिस म्हणजे धाराशिवच्या स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. तिथं आम्ही आधी तिघं होतो. एकानं लवकर निवृत्ती घेतली, दुसऱ्यानं उमरग्याला हार्डवेअरचं दुकान टाकलं. उरलो मी आणि पंखा. बायको तोवर पुण्याला गेली होती, लेकाला मूल झालं होतं, सूनबाईची नोकरी. जायलाच पाहिजे होतं तिनं. मी घरी जाऊन कुकर लावायचो आणि झाकण काढलं की जेवणावरची वासनाच उडायची. एकदा फोनवर तिनं विचारलं, "आज काय केलं?" मी म्हणालो, "आमटी." ताटात काही नव्हतं.

यंत्राला माझी काळजी नव्हती असं म्हणता येणार नाही. रोज सकाळी पडद्यावर पाच तोंडं यायची, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि वर लिहिलेलं, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' मी आपला हसरं तोंड दाबून कामाला लागायचो. एका दिवशी एका कालवडीचा फोटो बघितला, लांडग्यानं धरलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं आज खरं ते दाबू. रडकं तोंड दाबलं. लगेच उत्तर आलं, 'पाणी प्या. दीर्घ श्वास घ्या. पाच मिनिटं चालून या.' खोली केवढी? चालायचं कुठं? जिना उतरून खाली गेलो, परत वर आलो, तर माझ्या नावापुढं पिवळा ठिपका लागलेला. पिवळा ठिपका म्हणजे माणूस जागेवर नाही. तेव्हापासून मी कायम हसरं तोंड दाबलं.

एक दिवस झेरॉक्सवाल्या वहिनी जिना चढून वर आल्या. दारातून आत डोकावून म्हणाल्या, "सर, कुणाशी बोलायलाव?" मी म्हणालो, "कुणाशी नाही." त्या म्हणाल्या, "मघापासून नाव विचारायलाव की कुणालातरी." मी पडद्याकडं बघितलं. त्यावर एक म्हैस होती. मी तिला नाव विचारत होतो. वहिनी खाली गेल्या आणि चहा पाठवून दिला. मी तो पीत बसलो आणि मला भडभडून आलं. एकटा पडलो होतो हो मी. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या माणूस, असं कुणाला सांगायचं तरी कसं?

अशातच दिगंबरचा फोन आला. दिगंबर म्हणजे सोजरबाईचा शेजारी, शेळ्या राखतो.

"साहेब, वळखलं का? दिगंबर, सास्तूरचा. सोजरमायची बांडी गेली बगा."

"अरे! कधी?"

"काल सकाळीच. पोटफुगी झाली. आन् आमची सोजरमाय तिला पुरू देईना."

मला वाटलं मोबाईलवर काहीतरी अडलं असणार. म्हणालो, "नाकाचा फोटो बरोबर नसंल आला. नाक नीट पुसून परत काढा."

"न्हाय वो साहेब. आमच्या सूनबाईनं कालच काढला फोटू. लगीच निरोप बी आला, समदं बरुबर हाय म्हून. तिचा लेक पुन्याहून धा येळा फोन करायलाय, पुरून टाका म्हून. म्हातारी ऐकायलाच न्हाय. म्हंती साहेब आल्याबिगर कसं पुरायचं? कालपसनं गाईपाशी बसलीया. जेवली बी न्हाय. वास सुटलाय साहेब. आता तुमीच सांगा."

मी पडद्याकडं बघितलं. यंत्राला खात्री पटली होती, त्यामुळं बांडी माझ्याकडं आलीच नव्हती. बांडी मेली हे मला कंपनीकडून कधीच कळलं नसतं. कानात बिल्ला मी मारला, लाथ मी खाल्ली, आणि मला पत्ता नाही. पडद्यावर तेव्हा कुणाची तरी अर्धी जळालेली गाय होती. मी लाल-हिरवं काहीच दाबलं नाही. मोटारसायकलची किल्ली ड्रॉवरमध्ये होती. कितीतरी दिवस ती फक्त घर ते ऑफिस फिरली होती.

वाटेत दोनदा मनात आलं की परत फिरावं. मी जाऊन करणार काय होतो? सही नाही, कागद नाही, माझ्या हो-नाहीला आता काडीची किंमत नव्हती. कंपनीनं विचारलं तर काय सांगायचं? पण म्हातारी जेवली नव्हती. गाडी तशीच दामटली.

शेवग्याच्या झाडाखाली सोजरबाई बसली होती. फार वाळली होती. बांडी आडवी, पोट फुगलेलं, आणि तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलेलं. लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे. मी गाडी लावली तशी ती हात टेकत उठली.

"आलाव व्हय? म्या म्हनलंच व्हतं, साहेब येत्यात म्हून. हे समदे मला येडी म्हनायलेत."

दिगंबरच्या सुनेनं मोबाईल पुढं केला. निरोप मी वाचला. 'मृत जनावराची तपासणी पूर्ण झाली आहे. विल्हेवाट लावण्यास हरकत नाही.' शुद्ध मराठी, एक चूक नाही.

"मावशी," मी म्हणालो, "तपासणी कालच झालीय. आता माझी गरज नसते. मशीन बघतं."

"फोटू बगितला आसंल," सोजरबाई म्हणाली. "बांडीला कुठं बगितलं?"

 रुमाल नाकाला न लावता खाली बसलो.  कानातला बिल्ला बघितला, माझाच होता. शिंगं बघितली. दात बघितले. शेपटीचा गोंडा बघितला. कागद नव्हता तरी एकेक करून सगळं बघितलं, घाई केली नाही. सोजरबाई माझ्या हाताबरोबर नजर फिरवत होती. मग कपाळावर हात ठेवला. हळद हाताला लागली.

"नाव काय होतं हिचं?"

"तुमाला ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली आणि मग सांगितलं, "बांडी."

"बघितलं मावशी. आता द्या मातीला."

तेव्हा ती रडली. कालपासून रडली नव्हती म्हणे. गड्यांनी दोरखंड लावला. त्याच वेळी माझा मोबाईल वाजला. किरण, पुण्याचा आमचा वरिष्ठ, माझ्या लेकापेक्षा लहान, पण पोरगं गुणी.

"सर, बराच वेळ पिवळा ठिपका दिसतोय. तब्येत ठीक आहे ना?"

"तब्येत ठीक आहे. सास्तूरला आलोय, मातीला."

"अरेरे. घरचं कुणी होतं का सर?"

मी सोजरबाईकडं बघितलं. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून गड्यांना दटावत होती, "हळू सोडा रं, आदळू नका."

"हो," मी म्हणालो.

"सॉरी सर. तुम्ही या निवांत. मी दुखवट्याची रजा टाकतो."

दिगंबरच्या घरून चहा आला, सोजरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. मी निघताना ती गाडीपाशी आली.

"बाईसाहेब बऱ्या हायेत न्हवं?"

"पुण्याला असतात, नातवाकडं."

"मंग तुमच्याकडं कोण येतंय बगायला?"

मी हसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मला काय धाड भरलीय मावशी." आणि किक मारली. पण गाव मागं पडेपर्यंत ते बोलणं माझ्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाच तोंडांच्या जागी निरोप होता, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' खाली परत दीर्घ श्वास. ते पुसलं तर मागं कालची ती अर्धी जळालेली गाय तशीच थांबलेली होती. मी तिचा मालक कोण, गाव कोणतं, एवढं वाचलं आणि हिरवं बटण दाबलं.

किरणला मात्र पुढं मी खरं सांगितलं. म्हटलं, बाबा, गाय होती ती. तो रागावला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही चांगलंच केलंत. पण असं जाणं सिस्टिममध्ये बसवता येत नाही." मी म्हटलं, महिन्यातून एक दिवस तरी मला बाहेर जाऊ द्या, पेट्रोल माझं. त्यानं वर विचारलं. वरून उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, विचार करू. माझी निवृत्ती झाली तरी तो विचार चालूच होता.

निवृत्तीचा समारंभ मोबाईलवर झाला. चौकोनाचौकोनांत माणसं, एकाचा आवाज येत नव्हता, तो बिचारा बराच वेळ तोंड हलवत राहिला. मी खोलीला कुलूप लावून किल्ली झेरॉक्सवाल्या वहिनींकडं दिली. बायको म्हणते पुण्याला या. दोनदा जाऊन आलो. तिथं सगळे आपापल्या पडद्यापुढं बसलेले असतात, मला धाराशिवची खोली आठवायला लागते. म्हणून परत येतो. इथं निदान बाजारात कुणी ना कुणी ओळखतं. परवाच एकजण लांबून ओरडला, "मेल्या जनावराचा साहेब न्हवं तुमी?" मी एवढ्या जोरात हो म्हणालो की भाजीवाली दचकली.

ह्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर दिगंबरचा परत फोन आला. नाव बघूनच मी विचारलं, "कोण गेलं?"

"सोजरमाय गेली साहेब. झोपीतच गेली. तुमी येताव का?"

कंबर परत धरलीय, मोटारसायकल आता जमत नाही. एसटीनं गेलो, लोहाऱ्याला गाडी बदलली, त्यात वेळ गेला. वाटलं, उरकलं असणार सगळं. शेवग्यापाशी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं आणि सोजरबाई अजून अंगणातच. लेकही पुण्याहून आलेला होता. तो पुढं आला, माझे दोन्ही हात धरले.

"काका, आईनं सांगून ठेवलं होतं. साहेबाला कळवा म्हणाली. त्यांनी बघितल्याबिगर मला नेऊ नका म्हणाली."

सगळी माणसं सरकून वाट देत होती. कुणालाच माझ्या परवानगीची गरज नव्हती आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. मी तिच्या डोक्याशी बसलो. तोंडावर एक माशी होती, ती हाकलली. कपाळाला बुक्का लावला होता. हात ठेवला.

"बघितलं मावशी," मी म्हणालो.

पुढचं वाक्य मी उभ्या आयुष्यात कितीदा म्हटलं असंल, मलाच ठाऊक नाही. पण आता ते म्हणवेना. माणसं थांबली होती.  शेवटी दिगंबर माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याऐवजी म्हणाला,

"द्या मातीला."